शालूचा शब्द

शालू, झालं. तुझ्या मनासारखं झालं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण मी काही सांगायला लागले की तू मध्येच म्हणायचीस, "शेवट सांग इंदे, मग मधलं ऐकते." तर शेवट हा असा आहे. डोळे वेळेत गेले, चांगल्या स्थितीत पोचले आणि एव्हाना कोणाला तरी लागलेही असतील. कोणाला ते विचारायचं नसतं म्हणे. तुझ्या आईनं, काकूंनी, विचारून पाहिलं, पण इस्पितळवाल्यांनी दाद दिली नाही.

परवा तळमजल्यावर तुझी शोकसभा झाली. बोलणाऱ्यांनी तुला पार अजातशत्रू करून टाकलं. तुला, जिनं या चाळीतल्या एकूण एक बिऱ्हाडाशी कधी ना कधी कडाक्याचा वाद घातला! मला भीती वाटली की ही आता फोटोतूनच उत्तर देणार. तुझा जन्म, शिक्षण, कन्याशाळेतली शास्त्राच्या बाईंची नोकरी हे सगळं तिथे सांगून झालंय, तेव्हा ते मी पुन्हा उगाळत नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तू उलटून बोलणार नाहीस याची आयुष्यात पहिल्यांदाच खात्री असल्यामुळे जरा निवांत बोलायचंय.

लोक तुला फळ्यामुळे ओळखायचे. जिन्याखालचा तो फळा खरं तर गणपतीच्या कार्यक्रमांसाठी होता. उत्सव संपला की वर्षभर त्यावर कोणाची तरी हरवलेली किल्ली आणि नळाच्या वेळा असायच्या. तू शाळेतून खडू आणलेस आणि रोज सकाळी शाळेत जाता जाता त्यावर वर्तमानपत्राचं सार लिहायला लागलीस. वर जगातल्या घडामोडी, खाली शास्त्रातलं काहीतरी. दूध उतू का जातं, फ्ल्यूचा ताप एकाचा दुसऱ्याला कसा लागतो, अणूपासून वीज कशी होणार आहे. कोणी वाचत नाही असं तुला वाटायचं. सगळे वाचायचे. नळावर भांडणं व्हायची ती तुझ्या अणूवरून व्हायची, आणि कोणालाही त्यातलं धड काही कळलेलं नसायचं.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. गिरगावात गोळीबार झाला, रोज सभा, रोज मोर्चे, आणि चाळीतल्या पुरुषांनी फळा मागितला. तू दिला नाहीस. तुझा भाऊ, आपला विनायकदादा, दादरहून खास समजूत घालायला आला होता. त्यानं सत्याग्रहात तुरुंग पाहिलेला, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन होतं. तू त्याला म्हणालीस की मुंबई मिळणार हे तर नक्कीच आहे, मिळाल्यावर तिथे मराठीतून काय बोलणार आहात ते आत्तापासून ठरवा की. शेवटी फळ्याच्या मधोमध आडवी रेघ मारली गेली. वरचा अर्धा चळवळीचा, खालचा तुझा. मोर्चाला तुला जाता यायचं नाही. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप बिघडली ती बिघडलीच. तू गॅलरीत उभी राहून मोर्चा दिसेनासा होईपर्यंत टाळ्या वाजवायचीस आणि मग खाटेवर पडून दम खायचीस. जिना चढतानासुद्धा मध्येच थांबून तू कोणाशी तरी बोलायला लागायचीस, आणि अर्ध्या चाळीचा समज होता की तू बडबडी आहेस.

रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला तेव्हाचं आठवतं? तू फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंस, "पृथ्वीला दुसरा चंद्र". आठवड्याभरात संकष्टी आली. काकूंचा उपास. त्यांना मोतीबिंदूमुळे तेव्हाच धड दिसत नव्हतं, त्यामुळे चंद्र उगवला की नाही ते गॅलरीतून तूच बघून सांगायचीस. त्या दिवशी त्यांनी तुला अगदी गंभीरपणे विचारलं की आपला चंद्र फार उशिरा उगवतो, तर या नव्यावर उपास सोडला तर चालेल का. तू म्हणालीस, "चालेल गं, पण तो दिवसातून पुष्कळदा उगवतो. तितक्या वेळा जेवावं लागेल." काकूंनी थोडा विचार केला आणि जुनाच बरा म्हणाल्या. मी त्यावर इतकी हसले की आमच्या सासूबाई बघायला बाहेर आल्या.

पण पुढे रशियानं दुसऱ्या यानातून कुत्री पाठवली, त्यावरून आपलं वाजलं. तिला परत आणायची सोयच केलेली नव्हती. मी तुला म्हटलं, हे कसलं शास्त्र, मुकं जनावर वर पाठवायचं आणि टाळ्या वाजवायच्या. तू म्हणालीस, याच वाटेनं उद्या माणूस जाईल. मी म्हटलं, मग माणसालाच आधी विचारा, कुत्रीला कोणी विचारलं होतं? तू तोंड फिरवून निघून गेलीस आणि आपण काही दिवस बोललो नाही. नंतर एके सकाळी कामावर जाताना फळ्यावर तुझ्या अर्ध्या भागात एकच ओळ दिसली, "कुत्री परत येणार नाही, हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होते." ना खाली स्पष्टीकरण, ना मला काही बोललीस. त्या ओळीचा अर्थ तू मला कधी सांगितला नाहीस आणि मीही विचारला नाही. मी तो माझ्या बाजूनं धरून चालले आहे, आता तुला हरकत घेता येणार नाही.

आपला मोठा वाद मात्र वेगळाच होता आणि तो कधी संपलाच नाही. तुला वाटायचं, यंत्र आलं की माणूस बदलतो. मी ट्रंक कॉल जोडणारी बाई. माणसं दूरवर फोन लावून काय बोलतात ते रोज कानावर पडतं. मी तुला सांगायचे की एवढी तार ओढली, एवढे खांब रोवले, आणि बाई सातारला फोन लावून काय सांगते, तर लोणच्याची बरणी फुटली. तू हसली नाहीस. म्हणालीस, "बरणी फुटली हे सातारला त्याच दिवशी कळलं, हे थोडं आहे का?" मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आजही सुचलेलं नाही, पण मी हरले असं म्हणू नकोस.

आणि मग तुझं ते नेत्रदान.

मेलेल्या माणसाचं बुबुळ आंधळ्याला बसवता येतं, आपल्याकडे त्याचा कायदाही झालाय, हे तू कुठेतरी वाचलंस आणि तुझ्या अंगात वारं शिरलं. इस्पितळात जाऊन चौकशी करून आलीस, स्वतःचा कागद करून आलीस, आणि फळ्यावर लिहिलंस, "नेत्रदान. रविवारी सकाळी तळमजल्यावर. सर्वांनी अवश्य यावे." आजवर तुझ्या शास्त्राच्या गप्पांना समोर पाच-सहा डोकी असायची, त्यातली दोन आपल्याच घरची. त्या रविवारी मी खाली आले तर जिन्यापासून दारापर्यंत रांग. म्हातारे, म्हाताऱ्या, जुने फुटके चष्मे रुमालात बांधून आणलेले. एकानं तिरळ्या मुलाला आणलं होतं. एका बाईनं तुला विचारलं की चष्म्याच्या काड्या आपल्या पसंतीच्या मिळतील की ते देतील त्या घ्यायच्या. आणि रांगेत सगळ्यात पुढे, न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, काकू उभ्या. तुझी स्वतःची आई. घरात तुला एका शब्दानं न विचारता येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तुझा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. तू म्हणालीस, "आई, इथे डोळे घ्यायचे नाहीत, द्यायचे आहेत." मागून कोणीतरी विचारलं, द्यायचे म्हणजे आत्ता? तू घाईघाईनं ओरडलीस, "आत्ता नाही हो, मेल्यावर!" त्यानंतर तळमजला असा रिकामा झाला की मला वाटलं आग लागली. काकू तेवढ्या उभ्या राहिल्या, कारण त्यांना हात धरून वर न्यायला कोणी नव्हतं.

मी तुला तेव्हाच सांगितलं की चूक त्यांची नाही, तुझ्या शब्दाची आहे. अन्नदान म्हटलं की माणसं जेवायला येतात. वस्त्रदान म्हटलं की वस्त्र घ्यायला येतात. दान म्हटल्यावर आपल्या लोकांना पसरलेला हात आधी दिसतो. शिवाय दान म्हटलं की देणारा वर चढतो आणि घेणारा खाली बसतो, तेही मला पटत नव्हतं. मी म्हटलं, 'डोळे मागे ठेवणे' असं काहीतरी साधं लिही. तू म्हणालीस की शब्द हाच राहणार, लोकांना त्याची सवय करावी लागेल. रागानं बोललीस, पण तुला लागलं होतं, आणि ते रांगेमुळे नव्हतं. आपली आई किती दिवस मनात आशा धरून होती हे तुला त्या सकाळी कळलं.

त्या संध्याकाळी तू काकूंना समजावत होतीस आणि मी तांदूळ निवडत बसले होते. "आई, मोतीबिंदूला दुसऱ्याचा डोळा लागत नाही, साधी शस्त्रक्रिया लागते, ती तू करून घेत नाहीस. ज्यांच्या बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलेलं असतं त्यांना दुसऱ्याचं बुबुळ लागतं." काकूंनी सगळं ऐकून घेतलं. शस्त्रक्रियेचं मात्र नेहमीप्रमाणे मनावर घेतलं नाहीच. मग म्हणाल्या, "पण दान आपल्या हातानं करायचं असतं. मेल्यावर तुझे हात कुठले?" तू पटकन म्हणालीस, "मग तू कर माझ्या वतीनं." काकू उठून आत गेल्या. त्यांच्या हिशेबात त्या तुझ्या आधी जाणार होत्या, आणि तू तो हिशेब सहज मोडलास. त्यानंतर तुम्ही दोघींनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही.

माझ्यापाशी मात्र काढलास. "मी गेले की पहिला फोन तू करायचास, रडणं नंतर," असं बजावलंस. मी म्हटलं, काळजी करू नकोस, ट्रंक नाही ना, लोकल आहे, लगेच लागेल. आपण दोघी हसलो. मला वाटलं होतं, हे पुढे म्हातारपणी कधीतरी करायचं काम आहे.

राज्याचं ठरलं, मुंबई आपल्यात आली, रस्त्यांवर कमानींचे बांबू पडले. तू तो सोहळा बघायला नाहीस म्हणून सभेत सगळे हळहळले. मला तसं वाटलं नाही. ठरलं त्याच दिवशी तुझ्या दृष्टीनं ते काम संपलं होतं. आता शाळेच्या पुस्तकात ऑक्सिजन लिहायचं की प्राणवायू, यावरून तू शेजारच्या मास्तरांशी भांडायला मोकळी झाली होतीस.

त्या दुपारी मला सुट्टी होती. तू खाटेवर पडून वाचत होतीस. काकूंकडे पाणी मागितलंस आणि ते येईपर्यंत थांबली नाहीस. एवढंच झालं. मी आले तेव्हा काकू पेला हातात धरून उभ्या होत्या आणि तुला हाका मारत होत्या. खालचे डॉक्टर वर आले, त्यांनी नाडी बघितली, मान हलवली. मी त्यांच्याच दवाखान्यात जाऊन फोन फिरवला. गंमत बघ, माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. नाव, पत्ता, वेळ, सगळं नोकरीतल्यासारखं स्वच्छ सांगितलं. पलीकडच्या माणसानं निघतो म्हणून सांगितलं, शिवाय घरच्यांची हरकत असेल तर आम्ही हात लावत नाही, हेही सांगितलं. काही तासांचाच अवधी असतो, हे तू मला पढवलेलं होतंस.

दादा टॅक्सी करून आला. तुझ्याकडे बघून खुर्चीत बसला. जरा वेळानं मी त्याला सांगितलं, इस्पितळातून माणसं निघालीत. त्याला तुझा कागद माहीत होता, पण तो म्हणजे तुझ्या अनेक खुळांपैकी एक असं त्याच्या मनात होतं. तो नाही म्हणाला. मला वाटलं पुढच्या जन्मी आंधळेपणा येतो असलं काहीतरी काढेल. त्याची सगळी उत्तरं तू मला पाठ करून दिलेली होतीस. पण त्यानं त्यातलं एकही काढलं नाही. म्हणाला, "लहानपणापासून हिला काय कमी टोचलंय, इंदू? मी खांद्यावर घेऊन जायचो डॉक्टरकडे. दर वेळी म्हणायची, दादा, आता बास ना. आता तरी हिला कोणी हात लावू नका. अशी अपुरी नाही नेणार मी हिला."

याचं उत्तर तू मला शिकवलेलं नव्हतंस, शालू. तुला दिलेला शब्द डोळ्यांदेखत मोडत होता, आणि मोडणारा माणूस तुझ्यावर माझ्याहून जुनी माया करणारा होता. त्याच्याशी भांडायचं कशाच्या जोरावर?

इस्पितळाची गाडी आली, पण नाक्यावर कमानीचे बांबू आडवे पडलेले, ती तिथेच अडकली. कमान बांधणाऱ्यांनी बांबू उचलून वाट करून दिली. वर आली ती एक तरुण डॉक्टरीण, बरोबर मदतनीस. गुजराती मुलगी, बोलण्यावरून लगेच कळत होतं. गॅलरीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या दादानं पाच वर्षं मुंबईसाठी डोकं फोडून घेतलं त्याच्याच दारात ती उभी. पण तो उठला आणि त्यानं तिला स्वतःची खुर्ची दिली. ती बसली नाही. तुझ्याकडे बघून तिनं हात जोडले, मग काकूंपाशी खाली बसून म्हणाली, "मावशी, तुमची मरजी नसेल तर मी परत जाते. राग नाही मानणार."

काकू तुझ्या उशाशी बसून तुझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. त्यांनी विचारलं, "कोण आहे हे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "विनायका, तिनं दान दिलेलं नाही. मेलेलं माणूस काय देणार? द्यायचंय ते मला द्यायचंय. इंदू, पळी-पंचपात्र आण."

मला आधी कळेचना. मग कळलं. दानावर उदक सोडायला त्यांना पाणी हवं होतं. दादा कुजबुजला की आई, सुतक लागलंय, सुतकात दान करत नाहीत. काकू म्हणाल्या, सुतक मी पुढे किती दिवस धरायचं तितकं धरीन, हे आधी होऊ दे. मी देवघरातलं पंचपात्र आणलं, त्यात तुळशीचं पान टाकलं. काकूंनी डॉक्टरणीला हात पुढे करायला सांगितला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तिनं ओंजळ पुढे केली. काकूंना तिचे हात दिसत नव्हते. मी त्यांची पळी धरून नेमकी तिच्या ओंजळीवर आणली. पाणी बाहेर सांडलं नाही. पाणी सोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हिच्या लग्नात उदक सोडायचं होतं, ते राहिलं."

तुझं लग्न कोणी कधी काढलं नाही. झडपेमुळे. आणि काढलं असतं तरी विधवा बाईला कन्यादानाला कोण बसवणार होतं? हे काकूंना माझ्याहून जास्त माहीत होतं. आपण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणतो ते आशा सोडल्यावर म्हणतो. मी इतकी वर्षं तो शब्द तसाच वापरत आले. तुझ्या आईनं तो माझ्यासमोर उलटा करून दाखवला. आणि शालू, दान या शब्दावरचा आपला वाद मी त्या क्षणी सोडून दिला. ओंजळ धरणारी मुलगी मला जराही खाली बसलेली वाटली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ओले हात कुठे पुसावेत ते तिला कळत नव्हतं. काकूंनी आपला पदर पुढे केला.

दादानं फक्त विचारलं की आत थांबू का. डॉक्टरीण नको म्हणाली. आम्ही सगळे गॅलरीत आलो, दार लोटलं. रस्त्यावर कमानीचं काम पुन्हा सुरू झालं होतं, खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. दादा कठड्याला टेकून उभा होता. काकू दाराकडे तोंड करून बसल्या होत्या.

तेव्हा मला किती गोष्टी तुझ्याशी बोलायच्या होत्या. लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा बुजलेली मुलगी होते मी. आमच्या ह्यांच्याकडून माझ्या टेलिफोनच्या नोकरीला हो म्हणवून घ्यायला तूच त्यांच्याशी तासभर वाद घातला होतास. ते शेवटी वादाला कंटाळून हो म्हणाले, असं अजूनही सांगतात. हे मी तुला कधी नीट बोलले नाही. तूही मला बोलू दिलं नसतंस, लगेच काहीतरी शास्त्रीय काढलं असतंस. माझा स्वतःचा कागद मी अजून केलेला नाही, तेही सांगते. करीन की नाही, ठाऊक नाही. तू तीन वर्षं मागे लागलीस आणि मी तीन वर्षं टोलवलं. आता टोलवायला समोर कोणी नाही, म्हणून माझं मलाच ठरवावं लागणार आहे. हे तुझं वागणं मला मुळीच आवडलेलं नाही.

दार उघडलं. डॉक्टरीण हातात छोटी पेटी घेऊन बाहेर आली. तिनं काकूंच्या पाया पडल्यासारखं केलं, काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही, आणि लगबगीनं जिना उतरली. आत कोणी जाईना. मीसुद्धा गेले नाही. मला तुझा चेहरा बघायची भीती वाटत होती. दादाला तर त्याहून जास्त, तो कठडा सोडायला तयार नव्हता. इतका वेळ आम्ही सुतक, दान असं बोलत होतो. सगळ्यांच्या मनात खरी भीती ही होती, आणि ती कोणी तोंडानं काढली नव्हती. आपली शालू आता कशी दिसत असेल?

काकू उठल्या. भिंतीला धरून धरून आत गेल्या. आम्ही दारातून बघत राहिलो. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तुझा चेहरा चाचपायला सुरुवात केली. कपाळ. गाल. मग अगदी हलक्या बोटांनी पापण्या, आधी एक, मग दुसरी. पापण्या मिटलेल्या होत्या, नीट, भरलेल्या, दुपारी वाचता वाचता डोळा लागावा तशा. काकूंची बोटं तिथे बराच वेळ थांबली. मग त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"ये विनायका," त्या म्हणाल्या. "उचल आता हिला. पुरी आहे माझी पोर."

दादा आत गेला. आणि तेव्हा कुठे मला रडू आलं, शालू. फार रडले. फार बरं वाटलं.